नवजात अतिदक्षता कक्षात रुजू होण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. तीन पत्रे नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एनआयसीयूत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, नोकरीवर रुजू होणाऱ्या डॉक्टरांची आहेत आणि चौथे अशाच एका डॉक्टरच्या आईचे आहे. या कामात तीसहून अधिक वर्षे घालवलेला डॉक्टर म्हणून मी त्यांना एकत्रच उत्तर देत आहे.

प्रश्न : मी बालरोगशास्त्रात एम. डी. झालो असून बंधपत्राच्या सेवेसाठी विदर्भातील एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत पाच आठवड्यांनी रुजू होणार आहे. शिकत असताना एनआयसीयूच्या पाळ्या केल्या, पण तेव्हा निर्णय सीनियर घेत. आता रात्री मीच तेथे सर्वांत वरिष्ठ असेन. सध्या व्हेंटिलेटरच्या निरनिराळ्या मोड्सचा अभ्यास करीत आहे. आणखी काय वाचावे?

उत्तर : व्हेंटिलेटरचे पुस्तक तूर्त मिटून ठेवा. एसएनसीयूची रचना मुळात बाळाला ऊब देणारे वॉर्मर, काविळीसाठीची फोटोथेरपी म्हणजे प्रकाशोपचार, सलाइन, प्राणवायू, फार तर सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र, एवढ्यावर उभी आहे. दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागणारे बाळ बहुतेक ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे लागते. तेव्हा वाचण्याआधी फोन करा. तुमच्या जागी सध्या काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि जमल्यास तेथल्या इन्चार्ज सिस्टरना विचारा की वॉर्मर किती आहेत व त्यांतले चालू किती, सीपॅपला हवा आणि प्राणवायू मिसळणारा ब्लेंडर आहे की नुसताच प्राणवायू जातो, अकाली बाळाची फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट हे औषध साठ्यात असते का, रक्तातील वायूंची तपासणी रात्री होते का, १०८ची गाडी यायला किती वेळ लागतो आणि डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी येतात. या सहा-सात उत्तरांवरून काय वाचायचे ते आपोआप ठरेल. केंद्र सरकारची नवजात काळजीची मार्गदर्शिका आणि नवजात बाळांच्या डॉक्टरांची संघटना असलेल्या नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमच्या सूचना यांपलीकडे या पाच आठवड्यांत फारसे काही लागणार नाही.

या कक्षात दगावणारी बहुतेक बाळे कमी दिवसांची, जन्मतः गुदमरलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली असतात, आणि तिन्ही प्रकारांत पहिल्या काही तासांत बाळ गार पडले किंवा त्याची साखर उतरली तर पुढचे सगळे उपचार लंगडे पडतात. माझ्या पहिल्या स्वतंत्र रात्रपाळीत हे मी ज्या तऱ्हेने शिकलो ते सांगतो. अकराशे ग्रॅमचे एक बाळ मलूल झाले, श्वास मध्येच थांबू लागला. मी जंतुसंसर्ग धरून चाललो. रक्त काढले, एक्स-रे मागवला, प्रतिजैविक बदलण्याचा आदेश लिहू लागलो. तेवढ्यात सिस्टरांनी हाताची मागची बाजू बाळाच्या पायाच्या तळव्याला आणि मग पोटाला लावली आणि त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, पोटसुद्धा गार आहे.” वॉर्मरचा आकडा ३६.८ दाखवत होता. तापमान मोजणारा प्रोब सुटून बाळाच्या पाठीखाली सरकला होता. तेथे, बाळ आणि गादी यांच्या मध्ये, त्याला ऊब मिळत होती आणि बाळ पुरेसे उबदार आहे असे समजून यंत्राने आपली उष्णता कमी केली होती. हाच प्रोब सुटून उघडा चादरीवर पडला असता तर उलटे झाले असते. यंत्राने बाळ गार समजून त्याला भाजून काढले असते. तेव्हापासून मी कोणत्याही बाळापाशी गेलो की आधी तळवा, मग पोट, मग प्रोब पाहतो आणि आकडा सर्वांत शेवटी. पोट व पाय दोन्ही उबदार तर ठीक, पाय गार आणि पोट उबदार तर बाळाला थंडी वाजते आहे, दोन्ही गार तर त्याचे तापमान उतरले आहे. थर्मामीटर हाती येईपर्यंत एवढे निदान पुरते.

दुसरी तयारी अंकगणिताची. ही गोष्ट एम. डी. झालेल्या माणसाला सांगावी लागते याचे नवल वाटू देऊ नका, कारण पहाटे साडेतीनला चुकते ते ज्ञान नव्हे, दशांशचिन्ह. बाराशे ग्रॅमच्या बाळाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचे ठरले तर मात्रा ६ मिलिग्रॅम होते. मोठ्यांसाठीच्या ८० मिलिग्रॅम – २ मिलिलिटरच्या व्हायलमधून ते ०.१५ मिलिलिटर भरते. घाईत कोणी १.५ लिहिले तर बाळाला ६० मिलिग्रॅम जाते, आणि सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर औषध पाहून कोणालाच काही वावगे वाटत नाही, कारण सिरिंज एरवीही तेवढी भरलेली असते. म्हणून शक्य तेथे मुलांसाठीची सौम्य व्हायल मागवावी, दशांशापूर्वीचे शून्य नेहमी लिहावे, आणि मात्रा सिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवून त्यांच्याकडून उलट ऐकावी. दोन मात्रांमधले अंतर बाळाच्या गर्भकाळाप्रमाणे व वयाप्रमाणे बदलते, तो तक्ता भिंतीवर असू द्या; तो पाठ असण्याचा अभिमान नको.

ग्लुकोजचेही तसेच. त्याच बाळाला दिवसाला किलोमागे ८० मिलिलिटर प्रमाणे १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे सलाइन, द्यायचे म्हणजे दिवसाचे ९६, तासाला ४ मिलिलिटर. त्यातून मिनिटाला किलोमागे किती मिलिग्रॅम साखर जाते हे काढायला १० गुणिले ८०, भागिले १४४. उत्तर साडेपाचच्या आसपास येते. साखर ४५च्या खाली उतरल्यावर ही संख्या वाढवायची असते आणि तेव्हा कॅल्क्युलेटर शोधत बसायला वेळ नसतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी अशी पाच गणिते वेगवेगळ्या वजनांवर सोडवा. पाच आठवड्यांत पावणेदोनशे होतील.

रक्त काढण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. किलोभराच्या बाळाच्या अंगातले सगळे रक्त ८५-९० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक कटिंग चहा. रोज सकाळी सवयीने दोन-दोन मिलिलिटर काढणारा डॉक्टर आठवड्याभरात त्या पेल्याचा सहावा हिस्सा प्रयोगशाळेला देतो आणि नंतर रक्त चढवण्याचा आदेश लिहितो. तपासणी लिहिण्यापूर्वी तिच्या उत्तराने माझा निर्णय बदलणार आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

प्राणवायू हे औषध आहे आणि त्याचीही मात्रा असते. एकोणीसशे चाळीस-पन्नासच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत कमी दिवसांच्या बाळांना सढळ हाताने प्राणवायू दिला गेला आणि हजारो मुलांची दृष्टी गेली. प्राणवायूवर असलेल्या अकाली बाळाची संपृक्तता, म्हणजे रक्तातील प्राणवायूची टक्केवारी, ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवावी. पडद्यावर १०० दिसले की नातेवाईक सुखावतात, तुम्ही मात्र प्राणवायू कमी करण्यासाठी उठले पाहिजे. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा दृष्टिपटल तीस दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळाचा त्याहूनही आधी, तपासला गेला पाहिजे. त्या वेळी बाळ बहुधा घरी गेलेले असते, म्हणून तारीख डिस्चार्ज कार्डावर तर लिहाच, शिवाय आशाताईंनाही कळवा.

दुधाचा विषय पुस्तकात मागच्या प्रकरणात असतो. तो पुढे घ्या. मुंबईतील सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातील पहिली मानली जाते. वरचे दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला की कक्षातला जंतुसंसर्ग उतरतो हा त्यामागचा अनुभव होता. आईला पहिल्या दिवशी चीक काढायला शिकवणे हे सिस्टरांचे काम आहे असे समजून आपण राउंडला पुढे निघू नये. बाळ चोखू शकत नसेल तर नळीने, मग बोंडल्याने. आपल्या आज्यांचे हे भांडे एनआयसीयूत आजही बाटलीपेक्षा बरे ठरते. कांगारू पद्धत, म्हणजे आईच्या उघड्या छातीवर बाळ बांधून ठेवणे, १९७८ साली कोलंबियातील बोगोता येथे बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाचे आठ ते चोवीस तास द्यावी असे सांगते. तुमच्या कक्षात आईसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का, हेही त्या फोनवर विचारून घ्या.

पहिल्या दिवशी करायचे एक काम मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. जेथे प्राणवायू, गरम होणारी यंत्रे आणि विजेच्या तारा दाटीने एकत्र असतात तेथे बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोठे आहे, त्याला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, प्राणवायूचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे बंद होतो आणि एका माणसाला एका वेळी किती बाळे उचलता येतील, हे रुजू होण्याच्या अर्जावर सही केल्यावर लगेच चालत जाऊन पाहा.

नातेवाइकांशी बोलण्याची तयारीही करावी लागते. तुम्ही ‘बत्तीस आठवडे’ म्हणाल. समोरची आजी मनात ‘आठवा महिना’ असे मोजेल, आणि सातव्याचे जगते पण आठव्याचे जगत नाही ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. ती तुम्हाला हे बोलून दाखवणार नाही, पण दूध काढायला सुनेला पाठवायची टाळाटाळ करील. तेव्हा तुम्हीच विषय काढा आणि पोटात जितके दिवस जास्त तितके बाळ बळकट असते हे सरळ सांगा. ‘काचेत ठेवले’ या शब्दांचीही लोकांना धास्ती असते. आईला आत बोलावून बाळाच्या पाठीवर तिचा हात ठेवू दिला की ही धास्ती अर्धी उतरते. आणि टकुचे, दुपटे घरून आणायला सांगा, धुऊन, उन्हात वाळवून. ज्याला बाहेर थांबायला सांगितले आहे त्या बापाला करण्यासारखे काहीतरी मिळते.

प्रश्न : मी एम. बी. बी. एस. असून कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून एसएनसीयूत माझी निवड झाली आहे. श्वासनलिकेत नळी घालताना माझे हात थरथरतात. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नळी अन्ननलिकेत गेली. मी हे काम स्वीकारावे का?

उत्तर : स्वीकारा. नळीआधी मास्क, म्हणजे तोंडा-नाकावर बसवून पिशवी दाबून श्वास देण्याचे साधन, येतो, आणि मास्क नीट बसवता येणाऱ्या डॉक्टरच्या हातून नळी न घालता वाचलेली बाळे नळी घालून वाचलेल्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त असतात. जन्मतः न रडणाऱ्या बहुतेक बाळांना पुसणे, ऊब, डोक्याची योग्य ठेवण आणि पहिल्या मिनिटात सुरू केलेला बॅग-मास्कचा श्वास एवढेच पुरते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत बेताचे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले, त्यात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणेही होते, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून बालमृत्यू मोठ्या प्रमाणात उतरल्याचे दिसले. तुमच्या हातांना त्यांच्यापेक्षा कमी जमेल असे मानण्याचे कारण नाही.

रुजू होण्यापूर्वी पुनरुज्जीवनाचा, म्हणजे जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याचा, अधिकृत कोर्स करा आणि तेथील बाहुली सुट्टीच्या वेळात मागून घ्या. डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधले बोट जबड्याच्या हाडावर, अंगठा आणि तर्जनी मास्कवर. मास्कने डोळे दाबले जाऊ नयेत आणि हनुवटी बाहेर डोकावू नये. तोंडाने ‘दाब, दोन, तीन’ म्हणत मिनिटाला ४० ते ६० श्वास द्या. छाती उचलली जात नसेल तर जोर वाढवण्याआधी मास्क पुन्हा बसवा, डोके पुन्हा ठेवा, तोंड-नाक साफ करा, तोंड किंचित उघडा. दाब वाढवणे त्यानंतर, आणि नळी सर्वांत शेवटी. बाळ सुधारते आहे की नाही हे रंगावरून नव्हे, हृदयाच्या ठोक्यांवरून कळते. जन्मल्यावर एका मिनिटाला निरोगी बाळाची संपृक्तताही ६०-६५ असते आणि ८५च्या वर यायला दहा मिनिटेही लागू शकतात, हे माहीत असले की हात निम्मे शांत होतात.

नळीचे म्हणाल तर किलोखालच्या बाळाला २.५ मिलिमीटर व्यासाची, एक ते दोन किलोला ३, त्यावर ३.५, ओठापाशी खूण किलोतल्या वजनात सहा मिळवून, म्हणजे दोन किलोच्या बाळाला आठ सेंटिमीटरवर. वीस सेकंद मोजायला दुसऱ्या कोणाला सांगा आणि तेवढ्यात जमले नाही तर लाज न बाळगता मास्ककडे परत या. नाळेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालण्याचा सराव प्रसूतिगृहात परवानगी घेऊन, हातमोजे घालून, टाकून देण्याच्या नाळेच्या तुकड्यावर करता येतो. आडवी कापलेली नाळ पाहा. दोन लहान, जाड भिंतीच्या, पांढुरक्या ठिपक्यांसारख्या धमन्या आणि एक मोठी, पातळ भिंतीची, सैल तोंडाची शीर दिसते. एकदा ती तुकड्यावर शांतपणे पाहिली की खऱ्या बाळाच्या बेंबीपाशी ती शोधावी लागत नाही.

तुमची निवड झाली असली तरी पुढे कधी मुलाखत द्यावी लागली तर काय विचारतात, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. मी अनेकदा समितीवर बसलो आहे. उमेदवाराने पहिल्याच वाक्यात तपासण्यांची यादी दिली की मी पेन खाली ठेवत असे. “आधी बाळाला हात लावून पाहीन” असे म्हणणारा दहातला एखादा असे. मनगटावरचा दोरा, अंगठी आणि घड्याळ काढून आत या, म्हणजे हात धुण्याबद्दल तुम्हाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी मूळची नाशिकची. इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या निओनेटल युनिटमध्ये कनिष्ठ डॉक्टर म्हणून दोन महिन्यांनी रुजू होत आहे. भारतात तीन वर्षे एनआयसीयूत काम केले आहे. तेथे वेगळे काय असेल?

उत्तर : बाळ तेच असते; वेगळी असते ती आपली जागा. येथे तुम्ही ज्या गोष्टी स्वतः करत होता त्यांतल्या कित्येक तेथे अनुभवी परिचारिका करतात आणि तुमच्यापेक्षा बऱ्या करतात, हे पहिल्या आठवड्यात पचवावे लागते. कनिष्ठ डॉक्टरचा मोठा वेळ अतिदक्षता कक्षात नव्हे तर बाळंतिणींच्या वॉर्डात जातो. जन्मानंतर ७२ तासांत प्रत्येक बाळाचे डोळे, हृदय, खुबे आणि मुलग्यांचे अंडकोष ठरावीक पद्धतीने तपासायचे असतात. खुब्याची तपासणी आपल्याकडे घाईत उरकली जाते. ती दोन महिन्यांत जितक्या बाळांवर करता येईल तितकी येथेच कोणा जाणकाराच्या देखरेखीखाली करून जा.

पुनरुज्जीवनाचा क्रमही निराळा आहे. आपल्याकडे अमेरिकी धर्तीवर थेट मिनिटाला ४०-६० श्वास सुरू करतात. तेथे आधी पाच लांबवलेले श्वास, प्रत्येकी दोन-तीन सेकंदांचे, देऊन फुप्फुसे फुगवतात आणि मगच ठोके पाहून पुढे जातात. अंगवळणी पडलेली सवय आणीबाणीत आधी हात वर करते, त्यामुळे तेथला एनएलएस (न्यूबॉर्न लाइफ सपोर्ट) हा पुनरुज्जीवनाचा कोर्स पहिल्या रात्रपाळीआधी करून टाका.

भाषेचा प्रश्न इंग्रजीचा नाही, आवाजाचा आहे. सीनियरांना रात्री फोन करणे म्हणजे आपला कमीपणा, ही आपल्याकडची शिकवण तेथे धोक्याची ठरते. उशिरा केलेल्या फोनबद्दल विचारणा होते, लवकर केलेल्याबद्दल नाही. राउंडला आईबाप पेटीशेजारी बसलेले असतात आणि तुम्ही वाचलेला प्रत्येक आकडा ऐकत असतात. चूक झाली तर ती त्यांना स्वतःहून सांगण्याचे बंधन आहे. हे मला, खरे सांगायचे तर, फार आवडते, आणि आपल्याकडे ते कधी रुजेल याची वाट पाहतो आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहा महिन्यांपासून एनआयसीयूत डॉक्टर आहे. रात्रपाळी करून आली की जेवत नाही, बोलत नाही, खोलीचा पडदा ओढून पडून राहते. आम्ही साताऱ्याकडचे साधे लोक. यातले काही कळत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, पडदा ओढून झोपणे हे चांगले लक्षण आहे, दिवसा झोप लागायला अंधार लागतो. ताट झाकून ठेवा, उठवू नका, आणि ती झोपलेली असताना येणाऱ्या पाहुण्यांना तुम्हीच परतवा. रात्री बाळ गेले असेल तर ती घरी येऊन ते सांगणार नाही, “काय झालं गं” असे विचारल्यास “काही नाही” म्हणेल. सुट्टीच्या दिवशीही तिला झोप लागत नसेल, दोन-तीन आठवडे हसू हरवले असेल, कामावर जाण्याची वेळ झाली की छातीत धडधडत असेल, तर मात्र तिने मानसोपचारतज्ज्ञांशी बोलले पाहिजे, आणि हे तुम्हीच तिला सांगा. डॉक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत हे शेवटी करतात.

एरवी बोलणे सुरू करायचे असेल तर “बाळ कसं आहे” असे विचारू नका, त्याचे उत्तर तिलाही माहीत नसते. “वजन किती झालं” असे विचारा. कमी दिवसांचे बाळ पहिल्या आठवड्यात आधी उतरते, मग कुठे रोज पंधरा-वीस ग्रॅमने चढू लागते, आणि ते आकडे या कामातल्या प्रत्येकाला घरच्या हिशेबासारखे तोंडपाठ असतात. ती अकराशे चाळीस म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.